येरवड्यापासून माकणीपर्यंत

आमच्या भागात 'येरवडा' हे गावाचं नाव नव्हतंच कधी. ते विशेषण होतं. वर्गात कुणी विचित्र वागला की "ह्याला येरवड्याला धाडा" असं सरळ म्हणायचे. पुढे पुण्यात राहायला आलो, तेव्हा येरवड्यात माणसं राहतात, भाजी घेतात, बसची वाट बघत उभी असतात, हे पाहून पहिले काही दिवस गंमत वाटायची. मुंबईकडच्या एका मित्राने सांगितलं की त्यांच्याकडे हाच मान ठाण्याला आहे.

गंमत सोडा, पण ह्या शब्दात एक दिशा आहे. माणूस बिघडला की त्याला उचलायचं आणि लांब कुठेतरी नेऊन ठेवायचं. रुग्ण जाणार, रुग्णालय जागचं हलणार नाही. आज मला लिहायचंय ते ह्याच्या उलट झालेल्या एका प्रवासाबद्दल. १९९३ च्या भूकंपानंतर पुण्याची एक मानसिक आरोग्याची संस्था आमच्या भूकंपग्रस्त भागात अभ्यासाला आली. भूकंपावर भरपूर लिहून झालंय: मदत, घरं, पुनर्वसन, राजकारण. मनाच्या डॉक्टरांबद्दल मात्र फार कमी. म्हणून हा खटाटोप. माकणीकर मंडळीही हे वाचतील, त्यामुळे काही ठिकाणी जरा तपशिलात जाणार आहे. बाकीच्यांनी सांभाळून घ्यावं.

आधी थोडं मागे जाऊ.

१९९३ साली महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालयं चार होती: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. चारही इंग्रजी अमलातली. ह्यात मराठवाडा कुठेच नाही, कारण मराठवाडा निजामाकडे होता. आता ऐका. निजामाच्या राज्याचं वेड्यांचं इस्पितळ एके काळी चक्क आपल्या जालन्याला होतं! स्वातंत्र्यानंतर ते हैदराबादला, एर्रागड्ड्याला हलवलं गेलं. पुढे १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. इस्पितळ तिकडेच राहिलं.

त्यामुळे उस्मानाबाद जिल्ह्यातल्या (आताचा धाराशिव) एखाद्या घरात कुणाचं मन फार बिघडलं, तर वाट एकच, पुण्याची. माकणीपासून तीनशे किलोमीटरच्या वर. बांधून नेलेला माणूस, सोबत दोन भाऊ, बस बदलत बदलत. आणि हे झालं अगदी टोकाच्या माणसाचं. ज्याला नुसती झोप येत नाही, जिचा जीव उगाच घाबरा होतो, जो दिवसभर ओट्यावर एका जागी बसून राहतो, त्यांच्यासाठी तर तीही वाट नव्हती. त्यांच्यासाठी देवरुषी होता, तुळजापूर होतं, आणि तालुक्याच्या गावी सलाईन लावणारा डॉक्टर होता. "अशक्तपणा आहे" म्हणून बाटली लावली की दोन दिवस बरं वाटायचं.

अशा ह्या मुलखात भूकंप झाला.

*

ज्यांना माकणी माहीत नाही त्यांच्यासाठी: तेरणा नदीवरचं गाव. तेव्हा उमरगा तालुक्यात होतं, आता लोहारा तालुक्यात आहे. निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण इथेच आहे, म्हणून लातूरकडची माणसंही माकणीला 'धरणाचं माकणी' म्हणूनच ओळखतात. माझं आजोळ हे.

किल्लारी इथून जवळ, पण ते लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. किल्लारीच्या बाजूला १९९२ साली, विशेषतः ऑक्टोबरात, जमिनीतून आवाज येत होते, हादरे बसत होते. लोकांनी गाऱ्हाणी केली. मग हादरे थांबले आणि लोक आपापल्या कामाला लागले. पुढचं वर्ष तसंच गेलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गाव झोपलेलं असताना, चार वाजायच्या चार-पाच मिनिटं आधी भूकंप झाला. तीव्रता ६.२ (काही ठिकाणी ६.४ लिहिलेली सापडते). जगाच्या हिशेबात हा काही राक्षसी भूकंप नव्हे. पण तो उथळ होता आणि वर घरं होती आमची. दगड आणि मातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती, वर लाकडाचं माळवद, आणि माळवदावर पिढ्यान् पिढ्या थापलेली माती. उन्हाळ्यात त्या घरांसारखं गार घर नाही. त्या पहाटे तीच घरं अंगावर आली. सुमारे आठ हजार माणसं गेली. किल्लारी, सास्तूर, होळी, राजेगाव, मंगरूळ, पेठसांगवी... नावं लिहायला घेतली तर पान पुरणार नाही.

नंतर पाऊस लागला. पावसात मढी काढायची, पावसात जाळायची. पडलेल्या घरांच्याच तुळया आणि दारं सरणाला लागली. एकेका चितेवर किती जण ते मोजायला वेळ नव्हता. कुणाला पाणी पाजायचं राहिलं, कुणाचा दहावा नाही झाला, कुणाचं तोंड शेवटचं बघायला मिळालं नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे ज्याला डॉक्टर 'मानसिक आघात' म्हणाले त्यात घर पडण्याइतकाच ह्या राहून गेलेल्या गोष्टींचा वाटा होता असं मला माझ्या घरातल्या माणसांकडे बघून वाटतं.

आणि माकणीला आणखी एक भीती होती, धरणाची. धरणात पाणी साठवल्यामुळेच भूकंप झाला का, ह्यावर शास्त्रज्ञांत पुढे बरीच वर्षं वाद झाला. काहींनी तशी शक्यता मांडली, काहींनी ती खोडून काढली. पण गावात तेव्हा शास्त्रज्ञांची वाट कोण बघतंय? "धरण फुटलं" अशी आवई उठायची आणि लोक अंधारात उंचवट्याकडे पळायचे, हे मामाने मला अनेकदा सांगितलंय. ज्या पाण्याने ऊस आणला त्याच पाण्याकडे लोक कितीतरी महिने संशयाने बघत होते.

*

आता मनाच्या डॉक्टरांकडे येतो. पण त्यांनी दवाखाना सोडून बाहेर पडायची सुरुवात आपल्याकडे झालेली नाही, म्हणून दोन परिच्छेद उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे जाऊन येऊ.

१९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर नावाचे अधीक्षक होते. रुग्णालयात गर्दी फार, माणसं कमी. त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या घरच्यांना तिथे राहायला बोलावलं. आई, बायको, भाऊ जवळ राहिले, आजार म्हणजे काय ते समजून घेऊ लागले, आणि बरं झालेलं माणूस घरी न्यायला त्यांना संकोच वाटेनासा झाला. तोवर उलटी रीत होती. माणूस आत टाकला की घरचे पत्ता बदलायचे. तंबूची ही गोष्ट वाचताना मला नेहमी वाटतं की मोठे बदल कधीकधी चार बांबू आणि एका ताडपत्रीतूनही होतात.

पुढची पायरी म्हणजे रुग्णालयानेच गावाकडे जायचं. १९७० च्या दशकात चंदीगडच्या संस्थेने हरियाणातल्या रायपूर राणी भागात आणि बंगळूरच्या निम्हान्सने सकलवाडा ह्या खेड्यात हे करून बघितलं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला आणि गावोगाव फिरणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याला थोडं शिकवलं, तर मनाचे बरेचसे आजार गावातच ओळखता येतात आणि गावातच बरे करता येतात, असं त्यातून दिसलं. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. निम्हान्सने कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात अख्ख्या जिल्ह्याचा नमुना उभा केला. १९८४ च्या भोपाळ वायुकांडानंतर तिथल्या साध्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांनाही मनाचे आजार ओळखायला शिकवण्यात आलं. विषारी वायूने फुप्फुसं जळालेल्या माणसाचं मनही जळालेलं असू शकतं, हे आपल्या देशात सरकारी पातळीवर बहुधा तेव्हा पहिल्यांदा कबूल झालं.

महाराष्ट्रात १९९१ साली पुण्यात महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली, बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आणि ससून रुग्णालयाच्या जोडीने. येरवड्याचं मनोरुग्णालय वेगळं, ही संस्था वेगळी. येरवडा आरोग्य खात्याचं, रुग्णांना ठेवून घेणारं. ही शिकवणारी संस्था, विद्यापीठाच्या वैद्यकीय शिक्षणाला जोडलेली. तिचे संस्थापक संचालक डॉ. मोहन आगाशे. हो, तेच, 'घाशीराम कोतवाल'मधले नाना फडणवीस! आपल्याला ते नट म्हणून माहीत, पण पेशाने ते मनोविकारतज्ज्ञ आणि ह्या विषयाचे प्राध्यापक. संस्था जेमतेम दोन वर्षांची असताना किल्लारीचा भूकंप झाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भूकंपातून वाचलेल्यांच्या मनावर काय परिणाम झाले त्याचा अभ्यास हाती घेतला आणि आगाशे त्याचे मुख्य संशोधक झाले.

तेव्हाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात जखमींची रांग लागलेली. पट्ट्या, प्लास्टर, टाके. ह्या सगळ्यात "मनाचं काय?" हा प्रश्न विचारणं कुणाला चैनीचं वाटलं असेल. खायला नाही, पांघरायला नाही आणि म्हणे मन! पण तो प्रश्न विचारला गेला, आणि विचारणारे पुण्यात बसून राहिले नाहीत, हेच मला महत्त्वाचं वाटतं.

*

पत्र्याच्या शेडमध्ये मनाचा डॉक्टर करतो तरी काय?

पहिली गोष्ट म्हणजे तो "तुम्हाला वेड लागलंय का" असं विचारत नाही. अशा कामाची एक रीत असते. झोप लागते का? जेवण जातं का? गाडीचा आवाज आला की दचकायला होतं का? तोच प्रसंग परत परत डोळ्यांपुढे येतो का? काम करावंसं वाटतं का? जगावंसं वाटतं का? ह्या उत्तरांवरून तो चाळणी लावतो. बहुतेकांची झोप, भूक आणि हिंमत दिवसांनी परत येते. त्यांना एवढंच सांगायचं असतं की "असं होणं साहजिक आहे, तुम्ही वेडे झालेला नाहीत". काहींची मात्र परत येत नाही. चार महिन्यांनी, वर्षाने, दोन वर्षांनीही नाही. ती माणसं हुडकायची आणि त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जायचं, हे खरं काम.

दुसऱ्या एका गटाने भूकंपानंतर महिनाभराने ४२ जणांशी बोलून केलेला एक छोटा अभ्यास १९९६ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्री'मध्ये छापून आला. त्यात निम्म्याहून अधिक जणांना उपचारायोग्य मानसिक आजार आढळला, मुख्यतः आघातानंतरचा ताण आणि नैराश्य. बायकांमध्ये प्रमाण जास्त होतं, आणि ज्यांचं घरदार, मालमत्ता गेली त्यांच्यातही. ४२ म्हणजे फार नव्हेत, पण त्यातली दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. घर पडणं आणि मन पडणं ह्यांचा संबंध तिथे कागदावर आलेला आहे. पुढे तो मला लागणार आहे.

आमच्या घरातलं एक उदाहरण देतो. माझी थोरली मावशी भूकंपानंतर बरीच वर्षं छताखाली झोपली नाही. पावसाळ्यातही पडवीच्या कडेला, एक पाय बाहेर टाकल्यासारखी. तिची तक्रार कायम पाठीची आणि डोक्याची. "डोकं जड झालंय", "हातापायाला मुंग्या येतात", "काळजात धस्स होतं". गोळ्या झाल्या, सलाईन झाली, लिंबू उतरवून झालं. तिच्या तोंडून "मला वाईट वाटतंय" असं वाक्य मी कधी ऐकलं नाही. आमच्याकडे दुःख असं बोलतच नाही. ते पाठीतून, डोक्यातून, पोटातून बोलतं, नाहीतर अंगात वारं येऊन बोलतं. दवाखान्यात बसून वाट पाहणाऱ्या मनाच्या डॉक्टरकडे मावशी जन्मात गेली नसती. कारण तिच्या लेखी तिचं मन ठीक होतं, पाठ दुखत होती!

म्हणून ह्या विद्येला गावात यावं लागतं. गावात आल्यावर तिला आमचे शब्द शिकावे लागतात. 'आघातानंतरचा ताण' हे नाव ठीक आहे, पण ते कळायचं तर 'काळजात धस्स होणं' कळलं पाहिजे.

*

भूकंपानंतरच्या पाच-सात वर्षांत जे झालं ते सगळं डॉक्टरांच्या हातात नव्हतं. जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारचा मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला. ५२ गावं नव्या जागी उठली. घरं जमिनीच्या हिशेबाने मिळाली. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, त्यावरच्यांना ४००, आणि मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. घरं पक्की होती, ह्यात वाद नाही. पण नवी गावं आखली गेली शहराच्या वसाहतीसारखी, रुंद रस्ते आणि सरळ रांगा. जुन्या गावात गल्ली होती, भावकी होती, समोरासमोर ओटे होते, बायकांना बसायला जागा होती. रस्ता रुंद झाला आणि समोरची जाऊ लांब गेली. आधीच अर्धं घर गमावलेल्या बाईला बोलायला माणूस लागतं, ते आता हाकेच्या अंतरावर राहिलं नाही. भरपाईचे पैसे आले तसे काही घरांत दारूही आली.

पण ह्याच काळात काही गोष्टी फार चांगल्या झाल्या. त्या करणाऱ्यांनी त्यांना 'मानसिक आरोग्य' असं नाव दिलं नव्हतं. घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात 'स्वयं शिक्षण प्रयोग' ह्या संस्थेने शेकडो गावांत बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. सरकारी माहिती गावात आणायची, गावची अडचण सरकारला सांगायची. ज्या बायका कधी चावडीवर गेल्या नव्हत्या त्या इंजिनिअरला प्रश्न विचारू लागल्या. आपल्याच तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या साथीदारांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केलं. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्थांनी भूकंपग्रस्त भागातल्या सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेलं. मुलांना गावापासून तोडावं का, ह्यावर दोन मतं असू शकतात. पण शाळेची घंटा, जेवणाची वेळ, बरोबरीची मुलं, म्हणजे रोजचा दिवस परत रुळावर येणं, हे लहान मुलांसाठी मोठंच औषध असतं.

हे सगळं एकत्र पाहिलं की मला जे समजतं ते असं. मन सावरायला गोळी लागते, पण गोळीइतकीच कामाला लागलेली संवाद सहायक लागते, शेजारचा ओटा लागतो आणि राहून गेलेला दहावा कुठेतरी पार पडावा लागतो. मनाचा डॉक्टर ह्या गोष्टी देऊ शकत नाही. पण त्या नसल्या तर काय होतं हे मोजून सांगू शकतो, आणि सांगितलं पाहिजे.

*

आणि इथे माझी मुख्य तक्रार आहे. ती कुठल्या एका संस्थेबद्दल नाही, आपल्या सगळ्यांच्या लक्ष देण्याच्या पद्धतीबद्दल आहे.

जमीन हलली तेव्हा सगळं जग आमच्याकडे आलं. त्यात मनाचे डॉक्टरही आले. मग हळूहळू तंबू उठले, शेड गेले, अहवाल लिहून झाले. आमच्या जिल्ह्यात मन हलायचं मात्र थांबलं नाही. २०१२ च्या दुष्काळापासून पुढे २०१४, २०१५ अशी वर्षं लागोपाठ कोरडी गेली. २०१६ च्या एप्रिलमध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. गावागावांत शेतकऱ्यांनी गळफास घेतले, औषध प्यायले. हाही भूकंपच होता, पण हा आवाज न करता आला. एका पहाटे आठ हजार गेले असते तर हेलिकॉप्टर आली असती. एकेक करून गेले, तर पेपरात आतल्या पानावर चार ओळी.

सरकारने काही केलं नाही असं नाही. २०१५ साली 'बळीराजा चेतना अभियान' यवतमाळ आणि उस्मानाबाद ह्या दोन जिल्ह्यांत सुरू झालं. त्याच वर्षी मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' आला. त्यात आशाताईंनी घरोघरी जाऊन झोप, भूक, निराशा ह्यांबद्दल विचारायचं आणि गरज वाटेल त्याला पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवायचं. म्हणजे बघा, शेडमध्ये विचारले जाणारे तेच प्रश्न! फक्त आता विचारणारी गावातलीच. ही रीत निम्हान्सने बळ्ळारीला १९८० च्या दशकात दाखवलेली. आमच्याकडे भूकंपात तिची गरज सगळ्यांना दिसलेली. तरी आमच्या गावापर्यंत नियमाने पोचायला तिला भूकंपानंतर बावीस वर्षं लागली. मधली वर्षं कुणाची गेली, हे ज्याच्या त्याच्या घरात माहीत आहे. आमच्याही घरात माहीत आहे.

कुणी म्हणेल की शेतकऱ्याची आत्महत्या हा आजार नव्हे. त्याला भाव द्या, पाणी द्या, कर्ज फेडा, डॉक्टर कशाला? मामाचं हेच मत होतं आणि त्यात तथ्य आहे. कर्जाला गोळी हे उत्तर नाही. पण इथे मला तो ४२ जणांचा अभ्यास आठवतो. ज्याचं घर गेलं त्याचं मन जास्त पडलं. म्हणून त्याला घर द्यायचं नाही असं कुणी म्हणालं नाही, आणि घर दिलं म्हणून मावशीची झोप परत आली असंही झालं नाही. दोन्ही लागतं. एकाच गावात, एकाच सावकाराचं तितकंच कर्ज असलेली दहा माणसं असतात आणि त्यातला एक जण दोरी घेऊन शेतात जातो. त्या एकाला महिनाभर आधी कुणी "झोप लागते का रे?" विचारलं असतं तर? कर्ज तेवढंच राहिलं असतं, पण माणूस ते फेडायला किंवा बुडवायला जिवंत राहिला असता.

*

आता परिस्थिती थोडी बदलली आहे, तेही नोंदवतो. १९९३ साली मराठवाड्यात शिकवणारी सरकारी रुग्णालयं होती ती औरंगाबाद, अंबाजोगाई आणि नांदेडला. २००२ साली लातूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं आणि २०२२ साली आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणीही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळणं हा हक्क ठरवला, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार समजण्याऐवजी तो प्रचंड ताणाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस'चा १४४१६ हा फुकट क्रमांक आहे, त्यावर मराठीतून बोलता येतं. डॉ. आगाशे आता सिनेमातून हा विषय मांडत फिरतात. त्यांच्या निर्मितीतला 'कासव' हा नैराश्यावरचा सिनेमा, २०१७ साली त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं.

म्हणजे पुण्याहून तेव्हा जे अभ्यासासाठी आलं होतं, ते आता जिल्ह्यातच उभं राहू शकतं. शिकवणाऱ्या रुग्णालयाचा एक फायदा असतो. दर वर्षी नवी पोरंपोरी शिकायला येतात. त्यांना वॉर्डातून बाहेर काढून माकणीला, सास्तूरला, राजेगावला फिरवलं, आशाताईंच्या मागे चार घरं हिंडवलं, तर मनाचं दुखणं पाठीतून कसं बोलतं हे त्यांना पुस्तकापेक्षा लवकर कळेल. त्यांच्यातला एखादा तिथलाच असेल, तर त्याला शब्द शिकवायचीही गरज नाही. हे होईल का ते मला सांगता येत नाही, पण व्हावं असं फार वाटतं.

आणि आपण घरच्यांनी काय करायचं? भूकंपात दहा वर्षांची असलेली मुलं आता चाळिशी ओलांडून गेलीत. तीच आज शेत बघतायत, कर्ज काढतायत, पोरांची लग्नं जुळवतायत. त्यांच्यापैकी कितीजणांना त्या पहाटेनंतर कुणी काही विचारलं असेल? मावशी आता नाही. मामा आहे, पण तो अशा विषयावर "काय होत नसतंय" म्हणून उठून जातो. तरीही दिवाळीला गावी जाल तेव्हा ऊस आणि भाव ह्यांच्याबरोबर झोपेचंही विचारून बघा. पहिल्यांदा हसतील. दुसऱ्यांदा विचारलं तर कदाचित बोलतील. १४४१६ हा नंबर लिहून भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी लावून या. तो वापरायची वेळ न आली तर उत्तमच.

माकणीच्या मंडळींपैकी कुणाला शेडच्या दिवसांत असे डॉक्टर, विद्यार्थी, प्रश्न विचारणाऱ्या बाया आल्याचं आठवत असेल, तर मला जरूर सांगा. काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं, आणि सांगून बरं वाटलं की नाही, तेही. कागदावरचा इतिहास मी जमेल तसा लिहिला. शेडमधला तुमच्याकडेच आहे.